पुढच्या चाकाचा भरवसा

१७ जुलै १९९३ च्या सकाळी नॉर्वेतल्या हामार गावच्या बंदिस्त वेलोड्रोमवर ग्रेम ओब्री हा स्कॉटिश सायकलपटू उतरला. तासाभरात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या विक्रमाचा त्याचा पहिला प्रयत्न आदल्याच दिवशी तिथे फसला होता. पहिल्या दिवशी त्यानं आपल्या जुन्या सायकलच्या आराखड्यावर नव्यानं बांधलेली सायकल घेतली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं जोडलेली ती जुनी सायकलच काढली, आणि तासाभरात ५१.५९६ किलोमीटर कापले. फ्रान्चेस्को मोझेरचा १९८४ पासून टिकून असलेला ५१.१५१ किलोमीटरचा विक्रम मोडला. या सायकलचं नाव ‘ओल्ड फेथफुल’. तिच्याबद्दल बोलताना जो तो एकच तपशील हमखास सांगतो: पॅडलच्या आसाला ओब्रीनं वॉशिंग मशीनमधलं बेअरिंग बसवलं होतं.

मला मात्र त्या सायकलचा पुढचा भाग जास्त विचार करायला लावतो. तिचा चिमटा, म्हणजे फोर्क, एकाच पात्याचा होता आणि शक्य तितका अरुंद केलेला होता. हँडल सरळ आणि आखूड. हात छातीखाली दुमडून ओब्री जवळजवळ हँडलवर पालथा पडायचा. ती सायकल चालवून पाहिलेल्या एका फ्रेंच लेखकाचं म्हणणं होतं, की सुरुवातीला वेग घेताना तिला सरळ रेषेत ठेवणं कठीण जातं. एकदा वेग आला की मात्र त्या ढबीत बसता येतं. हे निरीक्षण मोलाचं आहे. टाइम ट्रायलमधला वेग बसण्याच्या ढबीतून येतो. ती ढब स्वार किती वेळ टिकवतो, हे पुढच्या चाकावर त्याचा किती भरवसा आहे यावर ठरतं. स्वतः सायकल जुळवणाऱ्याला हा भरवसा विकत आणता येत नाही. फोर्क आणि हेडसेट, म्हणजे फोर्कला फ्रेममध्ये वळू देणारी बेअरिंगांची जोडी, बसवताना तो आपल्याच हातानं तयार करावा लागतो, म्हणून या कामासाठी एक स्वतंत्र प्रकरण.

टाइम ट्रायल म्हणजे एकट्यानं घड्याळाशी लढत. ब्रिटनमध्ये रस्त्यावर घोळक्यानं शर्यती लावण्याला सायकल संघटनेचाच विरोध होता, तेव्हा ५ ऑक्टोबर १८९५ रोजी नॉर्थ रोड सायकलिंग क्लबनं ५० मैलांची एक स्पर्धा घेतली. स्पर्धक एकामागोमाग एक, मध्ये अंतर ठेवून सुटले. पुढे तिथल्या सायकलविश्वाचा हाच कणा झाला. दुसऱ्याच्या आडोशाला राहायची सोय नसल्यामुळे या प्रकारात सगळी झुंज हवेशी असते. सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरनं जाताना स्वाराच्या ताकदीचा फार मोठा हिस्सा, नऊ दशांशांच्या आसपास, हवा बाजूला सारण्यातच खर्ची पडतो, आणि हवेला अडवणारा सर्वांत मोठा अडथळा म्हणजे स्वाराचं स्वतःचं अंग. १९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा व्हर्साय ते पॅरिस असा २४.५ किलोमीटरचा टाइम ट्रायल होता. ५० सेकंदांनी मागे असलेला ग्रेग लेमाँड तो ट्रायथलॉनमधल्या, कोपर टेकायच्या हँडलवर बसून धावला आणि अवघ्या ८ सेकंदांनी टूर जिंकला. त्यानंतर कोपर टेकायच्या गाद्या सगळ्यांच्याच सायकलवर आल्या.

या गाद्यांवर कोपरं टेकली की सायकल चालवण्याची रीत पार बदलते. शरीराचं वजन पुढे सरकतं. हात एकमेकांजवळ येतात, त्यामुळे हँडल वळवायला मिळणारी तरफ लहान होते. ब्रेक बाहेरच्या दांडीवर राहतात आणि बोटं त्यांच्यापासून वीतभर दूर. समोरून ट्रक गेला, पुलावर वाऱ्याचा झोत आला, रस्त्यात खड्डा दिसला, तर सावरायला नेहमीच्या सायकलवर मिळतो तेवढा अवधी इथे मिळत नाही. अशा वेळी स्टिअरिंग जरासं जड, खरखरीत किंवा सैल असेल तर स्वार आपोआप कोपरं उचलतो आणि बाहेरची दांडी धरतो. हवेतून वाचवलेली सगळी कमाई त्या क्षणी जाते. म्हणून महागड्या चाकांवर पैसे ओतण्याआधी पुढचा भाग नीट करावा, असं माझं ठाम मत आहे.

आता ते बेअरिंग. ओब्रीनं वॉशिंग मशीनचं बेअरिंग का निवडलं, तर ते मिनिटाला १२०० फेरे घेत कपडे पिळणाऱ्या यंत्रातलं होतं; एवढं सोसणारं बेअरिंग चांगलंच असणार, हा त्याचा हिशेब. पॅडलच्या आसाला तो हिशेब बरोबर लागू पडतो, कारण तिथे बेअरिंग सतत फिरत असतं. हेडसेटमधलं बेअरिंग मात्र जवळजवळ फिरतच नाही. पूर्ण फेरा त्याच्या नशिबी कधीच नसतो. ते काही अंशांत डावी-उजवीकडे हलतं आणि उरलेला सगळा वेळ रस्त्याचे दणके खातं. त्यावर भारही दोन दिशांनी येतो. स्वाराच्या वजनाचा आणि खड्ड्यांचा भार आसाच्या दिशेनं, ब्रेक लावल्यावर येणारा भार आसाला आडवा. म्हणून इथे तिरप्या स्पर्शाचं बेअरिंग लागतं, ज्यात छर्ऱ्यांची धाव कोनात कोरलेली असते आणि एकच बेअरिंग दोन्ही भार पेलतं.

न फिरणाऱ्या बेअरिंगचं दुखणं वेगळंच असतं. छर्रे एकाच जागी सूक्ष्मपणे थरथरत राहतात, त्यांच्याखालचं ग्रीस बाजूला सरतं आणि परत येत नाही, कारण ते ओढून आणायला फेरा पूर्ण होतच नाही. मग पोलाद पोलादावर घासतं आणि प्रत्येक छर्ऱ्याखाली बारीकशी खळी पडते. पाट्यावर वरवंटा रोज जिथे फिरतो तिथेच पाटा खोलगट होतो, तसंच हे. टाइम ट्रायलची सायकल तासन्‌तास नाकासमोर धावते, त्यामुळे या खळ्या नेमक्या हँडल सरळ असतानाच्या जागी पडतात. काही महिन्यांनी हँडल मधोमध आलं की ‘टक’ करून अडकल्यासारखं वाटतं. स्टँडवर हा दोष बारीक वाटतो. रस्त्यावर तोच मोठा होतो, कारण सरळ जाणारी सायकल खरं तर सतत लहान लहान वळणं घेत तोल सावरत असते आणि ती वळणं नेमकी या खळ्यांत अडतात.

अंगाला वारा कमी लागावा म्हणून हँडल खाली घ्यायचं, आणि त्यासाठी फोर्कची मान जिच्यातून जाते ती फ्रेमची हेड ट्यूब आखूड ठेवायची, हा आणखी एक पेच. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरा आणि गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोरानं पुढचा ब्रेक लागला असं समजा. रस्ता टायरला साधारण ४०० न्यूटन बळानं मागे ढकलतो. खालचं बेअरिंग जमिनीपासून ६८ सेंटिमीटरच्या आसपास उंचीवर असतं. वजनामुळे उलट्या दिशेनं येणारा पीळ वजा केला, तरी फोर्कच्या मानेवर १६० न्यूटन-मीटरच्या घरातला पीळ उरतो. तो पेलायला दोन बेअरिंगं असतात. त्यांच्यात १८ सेंटिमीटर अंतर असेल तर वरच्या बेअरिंगवर ऐंशी-नव्वद किलो वजनाइतका आडवा दाब येतो. अंतर १० सेंटिमीटर असेल तर तोच दाब दीडशे किलोच्या पुढे जातो. आकडे ढोबळ आहेत, पण कल स्पष्ट आहे. हँडल जितकं खाली, तितकी हेडसेटची परीक्षा कठोर. रस्त्यावरच्या साध्या सायकलवर खपून जाणारी तडजोड इथे खपत नाही.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींत फोर्कच्या नळीवर आटे असायचे. वाटीत सुटे छर्रे ग्रीसमध्ये चिकटवायचे, कोन आट्यांवर फिरवत खाली आणायचा, वरून नट आवळायचा. मिस्त्री हाताच्या अंदाजानं हे काम सुरेख करत. मात्र दोन पाने एकाच वेळी धरावे लागत, आणि प्रत्येक उंचीच्या फ्रेमला वेगळ्या लांबीचा आटेवाला फोर्क लागे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन रेडर यांच्या पेटंटवर आधारलेला ‘अहेडसेट’ बाजारात आला. डाय-कॉम्पे कंपनीनं तो आणला. त्यात फोर्कच्या नळीला आटेच नाहीत. वरचा बोल्ट फक्त दाब देतो आणि तो दाब धरून ठेवण्याचं काम हँडल धरणारा स्टेम करतो. आज घरी सायकल जुळवणारा जवळजवळ प्रत्येक जण हीच रचना वापरतो, आणि ॲलन कीच्या एका संचावर काम भागतं.

सोपेपणा आला तसा मापांचा गोंधळही आला. पूर्वी नळी एक इंचाची, म्हणजे २५.४ मिमी असायची. मग सव्वा इंचापेक्षा थोडी कमी, २८.६ मिमीची आली. आता कार्बन फोर्कची नळी वर २८.६ आणि बुडाशी ३८.१ मिमी अशी निमुळती असते. वाट्या बाहेर दिसणाऱ्या, नळीत लपलेल्या किंवा अजिबात नसलेल्या, अशा तीन तऱ्हा आहेत. या गोंधळावर उतारा म्हणून उद्योगानं एक सांकेतिक पद्धत स्वीकारली, ती शिकून घ्यावी. ‘ईसी ३४/२८.६’ याचा अर्थ वाटी हेड ट्यूबच्या बाहेर, ट्यूबचा आतला व्यास ३४ मिमी, फोर्कची नळी २८.६ मिमी. ‘झेडएस’ म्हणजे बेअरिंग ट्यूबच्या आत, पण वाटीसकट. ‘आयएस’ म्हणजे वाटी नाही, बेअरिंग थेट फ्रेममध्ये कोरलेल्या बैठकीवर. वरचं आणि खालचं माप वेगवेगळं लिहितात, कारण ते वेगवेगळं असूही शकतं. स्वतः पोलादी फ्रेम जोडणाऱ्यांना मी ४४ मिमी आतल्या व्यासाची सरळ हेड ट्यूब सुचवेन. तिच्यात वर आत बसणारी वाटी आणि खाली बाहेरची वाटी लावली की निमुळता फोर्कही चालतो.

हेडसेटची ऑर्डर देण्याआधी फोर्कची भूमिती तपासायला हवी. स्टिअरिंगचा आस जमिनीपर्यंत वाढवला तर तो टायरच्या टेकण्याच्या जागेपेक्षा थोडा पुढे टेकतो. या दोन बिंदूंतलं अंतर म्हणजे ट्रेल. चाक आसाच्या मागे ओढलं जात असल्यामुळे ते आपोआप सरळ व्हायला बघतं. ७०० सीच्या २५ मिमी टायरसाठी हेड ट्यूबचा कोन ७३ अंश आणि फोर्कची पुढची झेप ४३ मिमी असेल तर ट्रेल साधारण ५८ मिमी येतो. कोन ७२ अंश केला तर ६४, ७४ केला तर ५२. वेगळ्या उंचीचा फोर्क लावला की हा कोन न सांगता बदलतो. चाकाच्या आसापासून फोर्कच्या माथ्यापर्यंतची लांबी १० मिमीनं वाढली तर कोन अर्ध्या अंशाहून थोडा जास्त ढळतो. म्हणजे ‘बसतोय ना, मग झालं’ म्हणून दुसऱ्या सायकलचा फोर्क उचलला, तर वळणाची ओळखीची सवय हरवते आणि बिघाड नेमका कुठे आहे ते कळत नाही. टाइम ट्रायलच्या सायकलवर पुढचं चाक खोल कड्याचं असतं, आडवा वारा ते ढकलतो, त्यामुळे ट्रेलमधला कमी-जास्तपणा हाताला लगेच जाणवतो. घरच्या पहिल्या सायकलसाठी ५५ ते ६२ मिमीच्या दरम्यान राहावं, असं माझं मत.

फ्रेम पोलादी असेल आणि तुम्ही ती स्वतः झाळली असेल, तर कामाची सुरुवात हेड ट्यूबच्या तोंडापासून होते. टॉप ट्यूब आणि डाउन ट्यूब जोडताना लागलेल्या उष्णतेनं हेड ट्यूब अंडाकृती होते आणि तिची तोंडं तिरकी होतात. डोळ्याला हे दिसत नाही. व्हर्नियर कॅलिपरनं आतला व्यास चार दिशांनी मोजला की दिसतं. ३४ मिमीच्या ट्यूबमध्ये वाटीचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा एक-दोन दशांश मिलिमीटरनं जास्त हवा. एवढ्या ताणानंच वाटी घट्ट बसते. फरक त्याहून कमी असेल तर वाटी कुरकुरत राहील, जास्त असेल तर ट्यूब चिरेल. भोक गोल करणारा रीमर आणि दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर कापणारा फेसिंग कटर ही अवजारं महाग आणि क्वचित लागणारी. त्यासाठी फ्रेम बांधणाऱ्या कारागिराकडे जावं आणि त्याचे पैसे मोकळ्या मनानं द्यावेत. तोंडं समांतर नसतील तर दोन बेअरिंगं एकमेकांशी वाकडी बसतात. मग हँडलच्या एका स्थितीत ती घट्ट आणि दुसऱ्या स्थितीत सैल लागतात, आणि कितीही पिळलं तरी ते सुटत नाही.

वाट्या दाबण्याचं काम मात्र घरी होतं. आटे पाडलेला लांब गज, दोन नट आणि वाटीच्या कडेवर सपाट टेकतील असे जाड वॉशर पुरेत. ट्यूबच्या आत ग्रीसचा पातळ थर लावावा. एका वेळी एकच वाटी दाबावी, कारण दोन्ही एकदम ओढल्या तर कोणती तिरकी जातेय ते कळत नाही. नट अर्धा फेरा फिरवायचा, थांबायचं, वाटी आणि ट्यूबच्या तोंडामधली फट सगळीकडे सारखी आहे का ते पाहायचं. एका बाजूला प्रकाशाची रेघ जाड दिसली की तिथेच थांबून वाटी बाहेर काढावी आणि नव्यानं सुरू करावी. पुढे सरळ होईल या आशेवर पिळत राहिलं तर ट्यूबच्या आत ओरखडा उमटतो आणि पुढची प्रत्येक वाटी त्याच वाटेनं तिरकी जाते. वाटी पूर्ण टेकली की नट एकदम जड होतो, तिथे थांबावं. दाब नेहमी वाटीच्या धातूवर द्यायचा. वॉशर आतल्या बेअरिंगवर टेकला तर ते तिथेच खराब होतं.

फोर्कच्या माथ्यावर खालच्या बेअरिंगची बैठक बसते, तिला क्राउन रेस म्हणतात. जुन्या पद्धतीची अखंड रेस ३० मिमीच्या बैठकीवर अगदी घट्ट जाते. तिला नेमक्या व्यासाच्या लोखंडी नळीनं, सगळीकडून सारखा ठोका देत खाली न्यावं लागतं. ठोकताना फोर्क हातात अधांतरी धरावा. पात्यांची टोकं फरशीवर टेकवून ठोकलं तर सगळा मार तिथे बसतो. आजच्या बहुतेक हेडसेटमध्ये ही रेस एका जागी कापलेली असते, ती अंगठ्यानं दाबून बसते. कापलेली रेस म्हणजे हलका माल, असं पुष्कळांना वाटतं. मला ती आवडते. फोर्क बदलताना छिन्नी-हातोडा लागत नाही आणि कार्बनचा माथा वाचतो.

तयार कार्बन फ्रेम घेऊन बाकी सगळं स्वतः जुळवणाऱ्यांना दाबायचं काहीच नसतं. बेअरिंग हातानं बैठकीत ठेवलं की झालं. इथे धोका कोनांचा आहे. बेअरिंगच्या बाजूवर बारीक अक्षरांत दोन आकडे कोरलेले असतात, ३६ आणि ४५ किंवा ४५ आणि ४५. एक कोन आतल्या बाजूचा, दुसरा बाहेरच्या. व्यासही फसवा असतो, कारण एक प्रकार ४१ मिमीचा आणि दुसरा ४१.८ मिमीचा. चुकीचं बेअरिंग बैठकीत पडतं, स्टँडवर छान फिरतं आणि पहिल्या काही फेऱ्यांत सगळं ठीकही वाटतं. पण ते पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका कडेवर टेकलेलं असतं. ती कड हळूहळू कार्बनमध्ये रुतते. मग हेडसेट दर आठवड्याला सैल होतो, मालक दर आठवड्याला आवळतो, आणि फ्रेमची बैठक खलास होते. खात्री करायचा उपाय सोपा आहे. बैठकीला मार्करची शाई लावावी, बेअरिंग कोरडं ठेवून थोडं फिरवावं आणि उचलून पाहावं. शाई सगळीकडे सारखी पुसलेली असेल तर कोन जुळला. नुसती एक बारीक रेघ पुसली असेल तर ते बेअरिंग परत पाठवावं.

आता जुळणी. दोन्ही बैठकींवर भरपूर ग्रीस, खालचं बेअरिंग फोर्कवर, फोर्क ट्यूबमधून वर, मग वरचं बेअरिंग, त्यावर कापलेली निमुळती कडी, मग झाकण, स्पेसर (उंची ठरवणाऱ्या कड्या), स्टेम. ती निमुळती कडी दिसायला क्षुल्लक, पण फोर्कच्या नळीला बेअरिंगच्या मध्यभागी घट्ट धरते तीच. ती विसरली किंवा उलटी बसली तर नळी बेअरिंगच्या आत हिंदकळत राहते. कार्बनच्या नळीला ग्रीस लावायचं नाही. स्टेमची पकड हवी तिथे दाणेदार कार्बन पेस्ट लावतात.

दाब देण्याचा क्रम मात्र पक्का लक्षात ठेवायचा. स्टेमचे बाजूचे दोन्ही बोल्ट सैल. वरच्या टोपीचा बोल्ट थोडा थोडा आवळायचा. प्रत्येक वेळी पुढचा ब्रेक धरून, वरच्या झाकणाच्या आणि ट्यूबच्या सांध्यावर दुसऱ्या हाताची बोटं ठेवून सायकल पुढे-मागे हलवायची. सांध्यात टकटक जाणवते तोवर आवळायचं, ती थांबली की थांबायचं. मग चाक काटकोनात वळवून पुन्हा हलवून पाहायचं, म्हणजे ब्रेकमधला सैलपणा आणि हेडसेटमधला सैलपणा वेगळा कळतो. त्यानंतर पुढचं चाक उचलून फ्रेम किंचित एका बाजूला कलती करायची. चाक स्वतःच्या वजनानं, कुठेही न अडता त्या बाजूला पडायला हवं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. शेवटी हँडल सरळ रेषेत आणून स्टेमचे बोल्ट आलटून पालटून, स्टेमवर छापलेल्या मापानुसार, बहुधा ५ ते ६ न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचनं आवळायचे. यानंतर टोपीच्या बोल्टचं काम संपलं. स्टेम आवळलेला असताना टोपी पिळून सैलपणा जाईल, हा गैरसमज फार पसरलेला आहे. तेव्हा टोपी नळीला वर ओढते, पण स्टेम तिला हलूच देत नाही, आणि नळीच्या आतली, टोपीचा बोल्ट जिच्यात जातो ती पाचर मात्र जागा सोडते.

सैल हेडसेट ब्रेक लावताच दणका देतो, त्यामुळे लवकर सापडतो. जास्त आवळलेला चोरासारखा लपून राहतो. सायकल डगमगत जाते, हलक्या वाऱ्यातही रेष सोडते, आणि स्वार दोष स्वतःला किंवा वाऱ्याला देतो. नव्या सायकलींत ब्रेकच्या नळ्या आणि गिअरच्या वायरी वरच्या बेअरिंगमधूनच आत जातात, त्यांचा ताठरपणाही हँडलला अडवतो. अशा सायकलवर नळ्या घालण्याआधी एकदा नुसता हेडसेट जुळवून तपासावा. मोकळं हँडल हाताला कसं लागतं ते तेव्हाच कळतं. आणि नळ्यांना थोडी जास्त लांबी ठेवावी.

वरच्या बेअरिंगचा आणखी एक शत्रू म्हणजे घाम. टाइम ट्रायलच्या ढबीत डोकं थेट हेडसेटवर येतं. घरात ट्रेनरवर सराव केला तर वाराही नसतो आणि खारट थेंब सरळ त्या सांध्यात पाझरतात. २०१९ पासून गोव्यात आयर्नमन ७०.३ स्पर्धा होऊ लागली, तिच्यासाठी महाराष्ट्रातले पुष्कळ जण टाइम ट्रायलची सायकल घेतात आणि किनाऱ्यावरच्या दमट खाऱ्या हवेत ती ९० किलोमीटर चालवतात. या लोकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. सरावाच्या वेळी हेडसेटवर टॉवेल टाका. पावसाळ्यानंतर एकदा फोर्क पूर्ण बाहेर काढून बेअरिंग पुसा, हातानं फिरवून बघा आणि नवं ग्रीस भरा. सायकल खोक्यात घालून नेताना स्टेम काढला असेल तर स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दाब देण्याचा तो पूर्ण क्रम पुन्हा करा. हॉटेलच्या खोलीत, घाईत, नुसते स्टेमचे बोल्ट आवळून उभी केलेली सायकल उतारावर काय करील, सांगता येत नाही.

फोर्कची नळी कापणं मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. पुष्कळ जण ते पहिल्याच दिवशी उरकतात, पण एकदा कापलेली नळी वाढत नाही आणि टाइम ट्रायलची ढब पहिल्या दिवशी ठरत नाही. खाली वाकण्यालाही मर्यादा असते. कंबरेचा कोन फार मिटला की मांडी वर येताना पोटाला लागते, श्वास तोकडा पडतो आणि हवेतून वाचलेली ताकद पायातून जाते. काही आठवडे जास्तीचे स्पेसर स्टेमच्या वर ठेवून सायकल चालवावी, एकेक स्पेसर खालून वर न्यावा, आणि कोपर, मान, कंबर काय सांगतात ते ऐकावं. कार्बनच्या नळीवर स्टेमच्या खाली साधारण ३० मिमीपेक्षा जास्त स्पेसर ठेवू देत नाहीत. नेमका आकडा फोर्कच्या कागदावर असतो आणि तो पाळायचाच.

नळी तुटली तर काय होतं, ते २००६ च्या पॅरिस–रुबे शर्यतीत जगानं पाहिलं. जॉर्ज हिनकॅपी आघाडीच्या गटात असताना त्याच्या फोर्कची ॲल्युमिनियमची नळी तुटली, हँडल हातात आलं आणि तो खांद्यावर आपटला. त्याच शर्यतीत तो आधी एकदा पडला होता. म्हणून अपघात झालेल्या सायकलचा फोर्क बाहेर काढून त्याची मान तपासल्याशिवाय तिच्यावर कोपरं टेकू नयेत. तडा बहुधा खालच्या रेसच्या जरा वर किंवा स्टेमच्या खालच्या कडेला असतो. कार्बनवर तो केसाएवढ्या रेघेसारखा दिसतो, आणि नाण्यानं टिचकी मारल्यावर तिथला आवाज आसपासच्यापेक्षा बद्द येतो.

कापण्याची खूण स्टेमच्या माथ्याच्या किंचित वर करायची. स्टेमच्या वर ५ मिमीचा एक स्पेसर ठेवून, त्या स्पेसरच्या माथ्यापासून ३ मिमी खाली कापावं, म्हणजे स्टेमचा वरचा बोल्टही भरीव नळीवर आवळला जातो आणि टोपीला खाली दाबायला जागा राहते. खुणेवर मास्किंग टेप गुंडाळावा, कापण्यासाठी सरळ मार्ग देणारा साचा लावावा, बारीक दात्यांचं किंवा कार्बनसाठीचं पातं घ्यावं, तोंडाला मास्क लावून पाणी शिंपडत हलक्या हातानं चालवावं. कार्बनची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. शेवटच्या काही धाग्यांशी घाई केली तर ते सोलून निघतात, म्हणून नळी थोडी फिरवून उरलेला भाग विरुद्ध बाजूनं कापावा. कड बारीक पॉलिश पेपरनं, बाहेरून आत अशा दिशेनं घासावी. कार्बनमध्ये ताऱ्याच्या आकाराचा स्टार नट ठोकायचा नाही, तो आतून तंतू फाडतो. तिथे फुगणारी पाचर लावतात, आणि ती नेमकी स्टेमच्या पकडीच्या पातळीवर यायला हवी, कारण नळीची भिंत आतून सावरण्याचं कामही तिचंच. मग टोपी, दाब देण्याचा तोच क्रम, टॉर्क रेंच, आणि वीसेक किलोमीटरच्या पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा ब्रेक धरून सांध्यावर बोटं.